नीलप्रभेचे पाय

वसई तालुक्यातल्या नंदाखाल गावच्या मार्था तुस्कानोची थोरली मुलगी व्हेरोनिका नाच कुणाकडे शिकली, हे गावात कुणालाच सांगता येत नसे. घरात नाचणारं कुणी नव्हतं. बाप लुईस केळीची बाग आणि पानवेली सांभाळायचा, आई आगाशीच्या बाजारात सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, विकायची. व्हेरोनिका मात्र चालायला लागली तीच ठेक्यात. लहानपणी तिला रहाटाला जुंपलेल्या रेड्यामागून फिरायला पाठवलं, तर रेडा एका चालीत आणि ही भलत्याच. शेवटी रेडा बिचकून उभा राहायचा, बागेचं पाणी थांबायचं. लुईसने तिला त्या कामावरून काढून टाकलं. "पोरगी राहू दे, रेडा बिघडेल माझा," असं तो म्हणे.

सन चव्वेचाळीसच्या थंडीत मदनबाण संगीत नाटक मंडळीने आगाशीत मुक्काम ठोकला. नाटकाच्या दुसऱ्या अंकात अप्सरेचा नाच होता आणि अप्सरेचं काम एक सडपातळ गृहस्थ करीत. पहिल्याच दिवशी दुपारी या गृहस्थांनी मार्थाच्या टोपलीतली सुकेळी चाखून पाहिली. आवडली म्हणून पुन्हा चाखली. मग टोपलीच रिकामी केली. तोंडाला रंग लावायची वेळ झाली तेव्हा अप्सरा पोट धरून तंबूमागे बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

मॅनेजर तडक मार्थाकडे आला. "बाई, तुमच्या केळ्यांनी आमची अप्सरा आडवी केली. आता खेळ कसा करू?"

मार्था सरळ बाई. आपल्या मालाने कुणाचं नुकसान झालं तर ते भरून द्यायचं, एवढंच तिला कळत होतं. शेजारी रिकामी टोपली झटकत बसलेल्या सतरा वर्षांच्या व्हेरोनिकाकडे तिने बोट केलं. "ही घेऊन जा. खेळ झाला की परत आणून द्या."

"हिला नाचता येतं?"

"येतं की नाही ते मला ठाऊक नाही. थांबता येत नाही, एवढं ठाऊक आहे."

त्या खेळाला व्हेरोनिकाच्या नाचावर वन्स मोअर पडला. मग आणखी पडला. पडतच राहिला. शेवटी इंद्राचं काम करणारे नट सिंहासनावरून उठून आत जेवायला गेले आणि हात धुऊन परत आले, तरी नाच चालूच होता. दुसऱ्या दिवशी मॅनेजर पोरगी परत द्यायला आला तो ती पुन्हा मागण्यासाठीच.

लुईस भडकला. नाटकात काम करणारी मुलगी घरात ठेवायची तर आधी फादरना विचारलं पाहिजे, म्हणून तो चर्चमध्ये गेला. फादरनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"नाटकात ती होते कोण?"

"अप्सरा, फादर."

"अप्सरा म्हणजे?"

लुईसला नीट माहीत नव्हतं. "स्वर्गात असते म्हणतात."

"मग स्वर्गातच राहू दे. त्याहून खालची कामं करू नकोस म्हणावं तिला."

अशा रीतीने व्हेरोनिका मदनबाण मंडळीबरोबर निघाली. मुंबईत गिरगावला तिची मार्गारेट मावशी होती, तिच्याकडे तिने ट्रंक ठेवली. तीन वर्षं ती गावोगाव अप्सरा झाली. पण लोकांना एव्हाना सिनेमाचं वेड लागलं होतं. मंडळीच्या नाट्यगृहांत एकेक करून पांढरे पडदे लागले. एके दिवशी इंद्राने आपलं सिंहासन एका न्हाव्याच्या दुकानाला देऊन टाकलं आणि मंडळी बुडाली. व्हेरोनिका दादरच्या एका स्टुडिओत घोळक्यात नाचणाऱ्या मुलींमध्ये शिरली. तिथे तिला उभं केलं सगळ्यात मागे, एका पुठ्ठ्याच्या झाडाआड.

स्टुडिओचा मालक लवजीशेठ. त्याच्या सिनेमाची नायिका मिस नीलप्रभा. हिचा चेहरा असा होता की, ती रडायला लागली की दिवे धरणारी माणसंही डोळे पुसायची. ती कुठल्याशा संस्थानातल्या राजघराण्यातली आहे, असं शेठने सगळीकडे छापून आणलं होतं. पण तिला नाचता येत नसे. पाय उचलायची वेळ आली की तिचे ओठ हलायचे, आणि ती काय पुटपुटते ते पडद्यावर स्वच्छ वाचता यायचं: एक, दोन, तीन, वळा. एका सिनेमात तर नायक तिला विचारतो, "माझ्यावर प्रेम करशील?" आणि ती गिरकी घेत म्हणते, "चार." थेटरात लोक खुर्च्यांवरून खाली पडले होते.

एकदा घोळक्याच्या नाचाचं चित्रण चालू असताना पुठ्ठ्याचं झाड कलंडलं. मागे व्हेरोनिका आपल्याच नादात नाचत होती. शेठने सिगारेट खाली ठेवली.

"त्या पोरीचे पाय पाहिलेस?" त्याने दिग्दर्शकाला विचारलं.

"पाहिले, शेठ."

"तोंड नीलप्रभेचं, पाय हिचे. झालं की एक माणूस!"

तेव्हापासून मिस नीलप्रभा हे एक माणूस दोघी मिळून होऊ लागल्या. नीलप्रभा सकाळच्या पाळीत यायची, गालावर हात ठेवून डोळे मोडायची आणि निघून जायची. दुपारी व्हेरोनिका यायची. तिच्या तोंडाला रंग लावायचं कारणच नव्हतं. रंगारी तिच्या पायांशी बसून आळता काढायचा आणि कॅमेरा जमिनीवर आडवा पडायचा. दोघींची गाठ कधी पडली नाही. एकीचे घुंगरू खोलीबाहेर जायचे तेव्हा दुसरीची मोटार फाटकातून कधीच निघून गेलेली असायची. सिनेमा लागला. लोक नीलप्रभेच्या पायांवर खूश झाले. कुणी तिला चांदीची पैंजणं पाठवली, ती तिच्या पायात शिरेनात. शेठने सांगितलं, उन्हाळ्याने पाय सुजलेत.

शेठने व्हेरोनिकाला एकच अट घातली होती. "पाय कुणाला दाखवायचे नाहीत. स्टुडिओबाहेर पाऊल टाकलं की बूट. रस्त्यात बूट, घरात बूट, गावी गेलीस तरी बूट. त्या पायांचा मालक आता अख्खा देश आहे."

आणि त्याने तिला काळे, जाड, नाडीचे बूट आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे दिले.

व्हेरोनिका सणाला नंदाखालला आली ती हे बूट घालून. नंदाखालात तेव्हा सगळे अनवाणी. बागेत पाटाचं पाणी सोडलेलं, चिखल घोट्यापर्यंत, आणि ही लाल लुगड्याखाली काळे बूट घालून केळीतून चालली आहे. पहिले दोन दिवस बायका हसल्या. तिसऱ्या दिवशी ती विहिरीवर बूट घालूनच न्हायली, तेव्हा हसणं थांबलं.

"मार्थाबाय, व्हेरूच्या पायाला काय झालंय?" शेजारणीने विचारलं.

"काही नाही गो. मुंबईची पद्धत आहे."

"मुंबईत काय बूट घालून न्हातात?"

मार्थाने त्याच दुपारी मुलीला समोर बसवलं. "मोजे काढ."

"नाही काढता येत, आई. वचन दिलंय."

"कुणाला?"

"शेठला. पाय देशाचे आहेत म्हणतो."

मार्था रडायला लागली. देशाचे असोत की कुणाचे, पोरीच्या बोटांना काहीतरी झालंय, एवढंच तिने ओळखलं. महिन्याभरात सगळ्या गावाने तेच ओळखलं. कुणी म्हणे स्टुडिओतल्या दिव्यांनी भाजले, कुणी म्हणे बोटं झडली. एका म्हातारीने तर छातीठोकपणे सांगितलं की बुटांत पायच नाहीत, लाकडं आहेत, म्हणून ती ठकठक वाजते.

याचा पहिला फटका बसला बॅप्टिस्टला. बॅप्टिस्ट डाबरे हा गावच्या लग्नांत बँड वाजवणारा, गोल चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. कॉर्नेट तोंडाला लावलं की त्याचे गाल लिंबाएवढे फुगायचे. व्हेरोनिकावर त्याचा जीव होता आणि तिचाही त्याच्यावर होता. लग्नाचं बोलणं जवळजवळ ठरलं होतं. पण त्याची आई क्लेमेंटीन हटून बसली.

"मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे. पण आधी पाय बघीन, मग हो म्हणेन."

"आई, पाय घेऊन काय करायचंय आपल्याला?" बॅप्टिस्ट म्हणाला.

"बागेत काम कशाने करणार ती? तुझ्या पिपाणीने?"

व्हेरोनिका पाय दाखवीना, क्लेमेंटीन हो म्हणेना. वर्ष गेलं. बॅप्टिस्ट दुसऱ्यांच्या लग्नांत इतकं दुःखी कॉर्नेट वाजवू लागला की नवऱ्या मुली चर्चमध्ये जायच्या आधीच हुंदके द्यायच्या. लोक म्हणायचे, हा बँड लग्नाला नको, मयताला ठीक आहे.

अशात आगाशीला तंबूतला सिनेमा आला. आला तो नीलप्रभेचाच. नंदाखालातली माणसं बैलगाड्या जोडून गेली. मार्था गेली, क्लेमेंटीन गेली. फादर मात्र तंबूच्या बाहेर, पण कनात वर केलेल्या ठिकाणी, खुर्ची टाकून बसले. व्हेरोनिका मुंबईलाच होती.

निम्मा सिनेमा झाला आणि नाच आला. आधी नीलप्रभेचा चेहरा दिसला. तिने डोळे मोडले. मग पडद्यावर दोन पाय आले, एकेक अंगठा भोपळ्याएवढा. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. ती करंगळी लहानपणी तेल लावून लावून सरळ करायचा मार्थाने किती प्रयत्न केला होता.

मार्था ताडकन उठली. तिची सावली पडद्यावर पडली.

"अगो! ही तर आमच्या व्हेरूची करंगळी!"

"खाली बसा!" मागून कुणी ओरडलं.

"बसते कशी? पाय आहेत! धडधाकट आहेत माझ्या पोरीचे पाय!"

नंदाखालचे सगळे उठून उभे राहिले. लहानपणापासून चिखलात, पाटात, चर्चच्या पायऱ्यांवर पाहिलेला तो पाय ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. क्लेमेंटीन तर पडद्याजवळ गेली आणि बोट लावून बोटं मोजू लागली. पण पाय नाचत असल्यामुळे तिची मोजणी चुके. सिनेमावाल्याला फीत उलटी फिरवून तो नाच पुन्हा दाखवावा लागला. दुसऱ्या खेपेला हिशेब जमला. क्लेमेंटीनने तिथेच मागे वळून तंबूभर ऐकू जाईल असं सांगितलं, "बॅप्टिस्ट, माझी हरकत नाही!"

रविवारी मिस्सा झाल्यावर काही वडीलधारी माणसं फादरना भेटली. आपल्या चर्चच्या मुलीचे पाय असे उघडे, जिकडे तिकडे दाखवले जातात, हे पाप धरायचं की नाही?

"चेहरा तिचा आहे?" फादरनी विचारलं.

"नाही."

"बाकी अंग?"

"तेही नाही. घोट्याखालीच काय ती आपली."

फादरनी बराच विचार केला. "एवढ्याशा भागात पाप मावत नाही," असं म्हणून ते न्याहारीला गेले.

आता गोष्ट एका तालुक्याला कळली की ती मुंबईला कळतेच. एका सिनेमाच्या साप्ताहिकात मोठ्या अक्षरांत छापून आलं: नीलप्रभेचे पाय वसईत सुकेळी विकतात काय? लवजीशेठचं जेवण गेलं. त्याने दोन दिवस विचार केला, आणि त्याला जी युक्ती सुचली ती सुचली नसती तर बरं झालं असतं, असं पुढे तो स्वतःच म्हणे. त्याने जाहीर केलं की, मिस नीलप्रभा स्वतः वसई तालुक्यात येऊन, आगाशीच्या मैदानावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाचून दाखवतील.

"पण शेठ, त्यांना नाचता येत नाही," व्हेरोनिका म्हणाली.

"तू आहेस ना."

"मग मी नाचेन, त्या कशाला?"

"लोक तिला बघायला येणार. तुझं तोंड कोण ओळखतं?" शेठने कागदावर चित्र काढून दाखवलं. रंगमंचावर एक मोठा काळा पडदा. खाली गुडघाभर उंचीची फट, त्यातून पाय दिसणार. वर एक लांब आडवी खिडकी, तिच्यातून चेहरा दिसणार. पडद्यामागे व्हेरोनिका जमिनीवर नाचणार आणि तिच्या पाठीमागे पिंपांवर ठेवलेल्या फळीवरून नीलप्रभा इकडून तिकडे चालणार. "सिनेमात काय करतो आपण? कधी तोंड दाखवतो, कधी पाय. मधलं कुठे आहे म्हणून आजवर एका तरी माणसाने विचारलं?"

कुणी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. व्हेरोनिकाने एवढंच मागितलं की, सुरुवातीला वाजवायला बॅप्टिस्टचा बँड असावा. शेठने ते कबूल केलं.

खेळाच्या दिवशी संध्याकाळी आगाशीच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. अर्नाळ्याचे कोळी आले होते, विरारचे दुकानदार आले होते, नायगावच्या मिठागरांवरचे आगरी गाड्या भरून आले होते, आणि नंदाखाल तर घरांना कुलपं लावूनच आलं होतं. पडद्यामागे अंधारात व्हेरोनिका घुंगरू बांधत बसली होती. तेवढ्यात अत्तराचा वास आला आणि जरीची साडी सावरत एक बाई फळीला चाचपडत येऊन उभी राहिली.

"तू माझे पाय ना?" तिने विचारलं.

"हो, बाई. आणि तुम्ही माझं तोंड."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं एकाच नावाने जगून पहिल्यांदाच भेटत होत्या.

"मी तुला कितीदा पाहिलंय," नीलप्रभा म्हणाली. "अंधारात शेवटच्या रांगेत जाऊन बसते. माझं तोंड आलं की डोळे मिटते, तुझे पाय आले की उघडते."

व्हेरोनिकाने घुंगरांची गाठ आवळली. "मी उलटं करते, बाई," ती म्हणाली.

नीलप्रभेने फळीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "यावर चढायचं? पडले बिडले तर गं? मला पान्याची भीती नाय वाटत, पन उंचीची वाटते."

व्हेरोनिकाने मान वर केली. राजघराण्यातली बाई 'पानी' म्हणेल, असं तिला वाटलं नव्हतं. "बाई, तुम्ही कुठल्या?"

नीलप्रभेने आजूबाजूला पाहिलं. "कुनाला सांगू नको. नायगावची. बाप मिठागरावर होता माझा. खरं नाव शकू."

एवढ्यात बाहेर घंटा झाली. व्हेरोनिकाने तिला हात देऊन फळीवर चढवलं.

पडद्यामागून ग्रामोफोनची तबकडी सुरू झाली. वरच्या खिडकीत नीलप्रभेचा चेहरा आला, खालच्या फटीत पाय आले, आणि मैदानभर एक सुस्कारा गेला. कारण पाय आणि चेहरा यांच्यामधलं अंतर धरलं तर बाई ताडाच्या निम्म्या उंचीची होती.

"बाय गो, केवढी उंच!" अर्नाळ्याची एक कोळीण म्हणाली.

"राजघरान्यात खातात पितात, मग होनारच," तिच्या नवऱ्याने समजूत घातली.

नाच रंगला. पाय डावीकडे गेले की वर चेहरा डावीकडे जायचा, पाय उजवीकडे आले की चेहरा उजवीकडे यायचा. शेठ कडेला उभा राहून घाम पुसत हसत होता. आणि मग तबकडीची सुई अडकली. "सजणा, ये, ये, ये, ये," असं गाणं एकाच जागी बोलावू लागलं. व्हेरोनिका एकाच पावलावर थबकून तेच पाऊल टाकत राहिली. नीलप्रभा वर फळीवर "तीन, तीन, तीन" म्हणत राहिली. सजणा काही येईना.

समोर बँडबरोबर बसलेल्या बॅप्टिस्टला ते बघवेना. आपली होणारी बायको अडकली आहे, एवढंच त्याला कळलं. त्याने कॉर्नेट तोंडाला लावलं आणि वरात घरी पोचताना वाजवतात ती चाल सुरू केली. वर्षभर दुःखी वाजवलेलं सगळं एकदम आनंदी होऊन बाहेर पडलं. ढोलवाला सुटला, झांजवाला सुटला, आणि पडद्यामागे व्हेरोनिका सुटली. तिचे पाय वाऱ्यासारखे डाव्या टोकाला गेले. नीलप्रभेचा चेहरा अजून उजव्या टोकालाच होता. पाय परत उजवीकडे आले तेव्हा चेहरा धापा टाकत डावीकडे पोचला होता.

लोक खुर्च्यांवर चढले. डोकं एका टोकाला आणि पाय दुसऱ्या टोकाला ठेवून नाचणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. "वा! याला म्हणतात लवचीक!" कुणी ओरडलं.

पायांना गाठण्यासाठी नीलप्रभा फळीवर धावली. फळीचं एक टोक पिंपावरून सुटलं, दुसरं वर उडालं, आणि मिस नीलप्रभा खिडकीतून दिसेनाशी झाली. "आये गं, मेले! कोनीतरी धरा!" अशी किंकाळी आली. मग पडदा, फळी, पिंपं आणि दोन बायका असं सगळं एकत्र रंगमंचाच्या पुढच्या कडेला येऊन पडलं. काळ्या कापडातून आधी चार पाय बाहेर आले. मग दोन डोकी आली.

पुढच्या रांगा डोकी मोजू लागल्या.

मग नायगावच्या घोळक्यातून एक म्हातारा आगरी उठला. "आरं, ही तं आपल्या बारक्याची शकू! आवाज वलाखला मी!"

"आणि ही आमची व्हेरू!" नंदाखाल ओरडलं.

आधी आनंद झाला, मग वाद झाला. नायगावकर म्हणाले, नीलप्रभा आमची. नंदाखालकर म्हणाले, कशी काय तुमची, नाचली कोण? "तोंडाबिगर काय नुसतं पाय बघाया येतात लोक?" "तोंड आहे घरोघर, पाय दाखवा असे!" दोन्ही गावं बाह्या सरसावून मधल्या वाटेवर आली. शेठ दोघांच्या मध्ये शिरला आणि हात जोडून सांगू लागला की, बाबांनो, दोन्ही माझी आहेत. ते ऐकल्यावर दोन्ही गावांचं भांडण मिटलं आणि दोघांनी मिळून शेठला धरलं.

त्याला वाचवलं अर्नाळ्याच्या त्या कोळणीने. तिला भांडणात गोडी नव्हती. ती खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटत होती. "वन्स मोर! आगो, वन्स मोर! ते परत पडा!"

मागच्या लोकांनी हाक उचलली. सगळं मैदान वन्स मोअर म्हणू लागलं. रंगमंचावर नीलप्रभा कपाळावरचं टेंगूळ चोळत बसली होती. तिने व्हेरोनिकाकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. पडद्यावर ती कधीच असं हसली नव्हती. सगळे दात दिसत होते.

"परत पडायचं काय गं?"

"तुम्ही म्हणाल तसं, बाई."

"शकू म्हन."

पिंपं उभी केली, फळी ठेवली, पडदा टांगला. दोघी पुन्हा पडल्या. पहिल्यापेक्षा बऱ्या पडल्या.

लवजीशेठ हुशार माणूस. मार खाऊन दोन दिवसांनी उठला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की, आता लपवायला काही उरलं नाही, तर दाखवावं. त्याने त्या काळ्या पडद्याचा खेळच बसवला. थंडीभर दोघी पालघर, डहाणू, कल्याण, पनवेल करीत फिरल्या. बॅप्टिस्टचा बँड बरोबर होता. दोघी एकाच बैलगाडीत बसत, एकाच ताटात जेवत. शकू फळीवरून पडण्यात इतकी तयार झाली की, लोक सांगतील त्या बाजूला पडायची. व्हेरोनिकाचे बूट पनवेलच्या धर्मशाळेत कुणीतरी उचलून नेले, तर तिने त्याची साधी चौकशीही केली नाही.

पुढे शेठने त्या खेळाचा सिनेमा काढला आणि तिथे त्याची जुनी खोड आडवी आली. कॅमेऱ्याने आधी शकूचा पडतानाचा चेहरा टिपला, मग व्हेरोनिकाचे पाय टिपले, मग नुसती फळी टिपली. थेटरात लोकांना एक घाबरलेली बाई दिसली, मग शांतपणे नाचणारे पाय दिसले, मग लाकूड दिसलं. काय झालं ते कुणाला कळलं नाही. चौथ्या दिवशी सिनेमा उतरला. शेठने त्यानंतर फक्त साधुसंतांचे सिनेमे काढले, कारण ते नाचत नाहीत आणि पडत नाहीत.

शकूला कुणी पुन्हा नायिका केलं नाही. राजघराण्यातली म्हणून जे तिला नमस्कार करायचे, त्यांनी मिठागरावरची म्हणून तोंड फिरवलं. पण दादरला तिचं बिऱ्हाड होतं, आणि रडायची कामं तिला मिळत राहिली. आई, मावशी, विधवा बहीण. ती ओठ न हलवता रडायची, आणि नाचायला तिला कुणी सांगत नसे.

व्हेरोनिका आणि बॅप्टिस्टचं लग्न चोपन्नच्या जानेवारीत नंदाखालला झालं. दुसरा बँड चांगला वाजवीना, म्हणून नवऱ्या मुलाने स्वतःच्या लग्नात स्वतःच कॉर्नेट वाजवलं. बायकोला फुलं द्यायची वेळ आली तेव्हा तेवढ्यापुरतं त्याने वाद्य आईच्या हातात दिलं. क्लेमेंटीन ते काखेत धरून उभी राहिली. नायगावची माणसंही आली होती. दोन्ही गावं एका मांडवात बसली आणि शेठच्या मारात कुणाचा हात आधी होता, यावर गोडीने बोलली.

शकू विरारहून टांग्याने आली होती. दुपारी अंगणात बायकांनी फेर धरला, तशी ती आपणहून उठली, पदर खोचला आणि मध्ये जाऊन नाचू लागली. कुणी म्हटलं नव्हतं, पडदा नव्हता, फळी नव्हती. "एक, दोन, तीन, वळा," असं ती मोठ्याने मोजत होती आणि वळायचं तिथे पुढे जात होती. बायका जागा करून देत होत्या. व्हेरोनिका नवरीच्या कपड्यांत ओट्यावर बसून बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते हसण्याचं होतं की कसलं, तिलाही सांगता आलं नसतं.

नाच संपला. शकू दम घेत मार्थाच्या शेजारी येऊन बसली. मार्था तिच्याकडे काळजीने बघत होती.

"बाय, तुला नाच कुणी शिकवला नाही काय?"

"नाय मावशी. कुनीच नाय."

"असू दे, असू दे," मार्था म्हणाली आणि तिच्यासमोर पान मांडून मांसाचं झणझणीत इंद्याल वाढू लागली. "भाकरी घे अजून. किती दमलीस!"